कोल्हापुरात एसटीपी (मैलापाणी साफ करायचा प्लँट) हाय, मग तेरवाड बंधाऱ्यावर मासे का मरत्यात?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला, गाव नदीकाठचं, ऊस आणि थोडा भाजीपाला असतो. प्रश्न जुनाच हाय पण सरळ उत्तर कुठं मिळंना म्हणून हितं टाकतोय.

दरवर्षी उन्हाळा तापला की पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काळं-हिरवं पडतं, वास सुटतो, जलपर्णी काठापासून काठापर्यंत. मग एका सकाळी बघावं तर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत असत्यात आणि त्याच्या आदल्या सांजेला तेच मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घ्यायला तडफडत असत्यात. पंचनामा होतो, बाटल्यांतनं पाणी नेत्यात, रिपोर्ट काय आला ते आमच्यापर्यंत येत न्हाई. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) काढले की परत एकदा तसंच होतं.

आमच्याकडं सगळी म्हणत्यात कोल्हापूरचं मैलापाणी. माझा भाचा कोल्हापुरात असतो, तो म्हणतो मामा तसं न्हाई, कसबा बावड्याला लाईन बाजारात ७६ एमएलडीचा प्लँट हाय, दुधाळीला १७ चा हाय, पाणी साफ करूनच सोडत्यात. दोघांचंही खरं कसं असंल? हा प्लँट आमच्या पाण्याचं नेमकं काय राखतो, उद्या बंद पडला तर आमच्या बंधाऱ्यावर काय फरक पडंल, आणि चालू असतानाबी मासे मरत असले तर तो पुरत कुठं न्हाई? शेतकी पदवी झालीय माझी, त्यामुळं आकडे टाकले तरी चालतील. दुसरं म्हणजे ह्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर घ्यावी का न्हाई तेबी कुणी जाणकारानं सांगावं.

शिफ्टवाला

दादा, मी एसबीआर पद्धतीच्या (एकाच टाकीत पाळीपाळीनं हवा मारून, गाळ बसवून पाणी साफ करायच्या) प्लँटवर शिफ्ट बघतो. कोल्हापूरच्या नाही, दुसऱ्या शहरातल्या, पण मूळ करवीर तालुक्यातला असल्यामुळे नदी आपलीच. थोडं लांब लिहितो कारण तुम्ही नीट विचारलंय.

आधी आकडा बघू. १ एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे ७६ एमएलडी म्हणजे रोज साडेसात कोटी लिटरच्या वर. शहराच्या मैलापाण्याचा बीओडी साधारण लिटरला १५० ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात असतो, आपण २०० धरू. बीओडी म्हणजे त्या पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील त्याचं माप. आता गुणाकार करा, ७६ एमएलडी गुणिले २०० म्हणजे रोजचा १५,२०० किलो ऑक्सिजन. हे मैलापाणी तसंच नदीत गेलं तर एवढा ऑक्सिजन नदीतनं जाणार. आणि नदीकडं असतो किती? २५ अंशाला अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा लिटरला ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, त्यापेक्षा जास्त विरघळतच नाही. म्हणजे एका दिवसाच्या मैलापाण्याला १९० कोटी लिटर स्वच्छ नदीचा सगळाच्या सगळा ऑक्सिजन लागेल, थेंबभर शिल्लक न ठेवता. मे महिन्यात पंचगंगेत एवढं वाहतं पाणी कुठं असतं सांगा. माशाला तगायला ४ मिलिग्रॅमच्या आसपास तरी लागतो.

हेच पाणी प्लँटमधनं १० मिलिग्रॅम बीओडीनं बाहेर पडलं तर रोजचा बोजा ७६० किलोवर येतो. पंधरा हजारावरनं साडेसातशेवर. प्लँट तुमच्यासाठी काय करतो याचं उत्तर हे आहे. घाण नदीनं कुजवायची ती टाकीत कुजवून घ्यायची, म्हणजे त्यासाठी लागणारा ऑक्सिजन नदीतला न जाता ब्लोअरनं हवेतनं ओढलेला जातो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशात बीओडी १०, तरंगता गाळ २० असे आकडे आहेत, त्याच्या आधीच्या २०१७ च्या अधिसूचनेत बहुतेक शहरांना बीओडी ३० पर्यंत चालत होता. ३० आणि १० मधला फरक कागदावर बारीक वाटतो पण ७६ एमएलडीला गुणा, रोजचा दीड टन ऑक्सिजन होतो.

आत काय चालतं ते पण सांगतो. पहिल्यांदा जाळ्या, त्यात प्लास्टिक, चिंध्या, केस, निर्माल्य असलं सगळं अडकतं. मग वाळू बसवायची टाकी. मग मोठ्या बेसिनमध्ये पाणी घ्यायचं आणि तळातनं बारीक बुडबुडे सोडायचे. त्या बेसिनमध्ये आधीच्या पाण्यातला जिवंत गाळ राखून ठेवलेला असतो, तपकिरी रंगाचा, तो विरजणासारखा, आधीचा थोडा राखला नाही तर नवीन पाणी लागत नाही. त्यातले जिवाणू घाण खातात, वाढतात, गुठळ्या धरतात. मग हवा बंद, तासभर निवांत बसू द्यायचं, गाळ तळाला जातो आणि वरचं निवळ पाणी डिकँटर हळूहळू खाली येत काढून घेतो. एक फेरा तीन-चार तासांचा. शेवटी क्लोरीन, मग बाहेर.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बीओडीचा रिपोर्ट लगेच येत नाही, आपल्याकडं २७ अंशाला तीन दिवस बाटली ठेवून तो काढतात. म्हणजे आज प्लँट बिघडला तर कागदावर तीन दिवसांनी कळणार. म्हणून शिफ्टला आम्ही बघतो ते वेगळंच. टाकीतल्या ऑक्सिजनचा मीटर, आणि एक लिटरच्या उभ्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी घेऊन अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते. गाळ फुगला, बसेना झाला की समजायचं, पुढच्या डिकँटला तो पाण्याबरोबर बाहेर जाणार. जुना माणूस ब्लोअरच्या आवाजावरनं आणि फेसाच्या रंगावरनं सुद्धा सांगतो. पांढरा साबणासारखा फेस म्हणजे गाळ कोवळा, गडद तपकिरी चिकट फेस म्हणजे गाळ म्हातारा झालाय.

आता तुमचा खरा प्रश्न, चालू असूनही मासे का मरतात. पहिलं कारण, प्लँट फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी साफ करतो. ते कोल्हापूरचं कुणीतरी जास्त चांगलं सांगेल. दुसरं कारण अमोनिया, आणि त्याच्याकडं फार कमी लोक बघतात. मैलापाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया नायट्रोजन असतो आणि १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. म्हणजे ३० ला १३५ च्या पुढं. हा बीओडीच्या जवळपास दोन-तृतीयांश एवढा दुसरा बोजा, आणि तीन दिवसांच्या बीओडीत तो बराचसा दिसतच नाही कारण ते जिवाणू हळू वाढतात. एखादा प्लँट वीज वाचवायला हवा कमी मारत असेल तर बीओडी छान येतो पण अमोनिया तसाच बाहेर जातो आणि नदीत पुढं कित्येक किलोमीटर ऑक्सिजन खात बसतो. वीज वाचवायचा मोह होतो कारण प्लँटच्या एकूण विजेतली निम्म्याच्या आसपास एकट्या हवेला लागते. त्यामुळं रिपोर्ट मागाल तेव्हा नुसता बीओडी मागू नका, अमोनियाचा आकडा मागा.

आणि तिसरं, पाणी जिथं सोडलं तिथं सगळ्यात वाईट नसतं. नदीत घाण मिसळल्यावर ऑक्सिजन एकदम पडत नाही, वाहता वाहता उतरत जातो, सगळ्यात खालचा आकडा बरंच पुढं लागतो, मग हवेतनं परत भरत जातो. वाहत्या खळखळत्या नदीत हे लवकर निस्तरतं. आपली पंचगंगा उन्हाळ्यात वाहत कुठं असते, एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंत तुंबलेली तळी असतात नुसती. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे शेतीला सोन्यासारखे आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण पाणी थांबलं की हवा मिसळायची थांबते आणि गाळ तळाला बसून सडत राहतो. त्यावर जलपर्णीचं झाकण. मग पहाटे सगळ्यात कमी ऑक्सिजन, कारण दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं आणि रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन घेतं. तुमचे मासे रात्रीत मरून सकाळी तरंगताना सापडतात ते त्यामुळं.

बावडेकर

शिफ्टवाल्या भावानं एकदम बरोबर सांगितलंय, आता आमच्या हिकडचं मी सांगतो कारण जयंती नाला म्हणजे आमच्या रोजच्या बघण्यातला.

कोल्हापूरचं मैलापाणी बऱ्याच भागात पाईपमधनं प्लँटला जात न्हाई, आधी नाल्यात येतं. जयंती सगळ्यात मोठा, त्याच्या खालोखाल दुधाळी, आणि मग लाईन बाजार, बापट कॅम्प, सीपीआर, जामदार क्लब असे बारके-मोठे बरेच. जयंतीवर बंधारा घालून पाणी अडवलंय आणि तिथनं पंपानं उचलून बावड्याच्या प्लँटला ढकलत्यात. ह्याचा अर्थ काय ते नीट बघा. नाल्याचा नैसर्गिक उतार नदीकडं हाय आणि प्लँट पंपाच्या जोरावर चालतो. पंप थांबला की मैलापाणी आपोआप नदीत जातं, त्याला कुणी काय करायला लागत न्हाई. लाईट गेली, पंपात चिंध्या अडकल्या, पाईप फुटली, व्हॉल्व्ह गेला, कायबी कारण असू दे, बंधारा भरून वरनं वाहायला लागतं आणि सरळ पंचगंगेत. तासाभराचा खोळंबा असला तरी त्या तासाचं सगळं पाणी गेलंच.

आणि पाऊस. हितं पावसाचं पाणी आणि मैलापाणी दोन्ही एकाच नाल्यात. वळवाची एक सर आली की नाल्याला एवढं पाणी येतं की पंप काय उचलणार, आणि ते पाणी नुसतं पावसाचं नसतं, उन्हाळाभर नाल्याच्या तळाला बसलेला सगळा काळा गाळ घेऊन ते सुटतं. तुमच्याकडं वळवानंतर मासे मरत असतील तर हे बी एक कारण हाय बघा. म्हणून माझं म्हणणं असं हाय की ७६ अधिक १७ बरोबर ९३ एमएलडी हा आकडा बघून समाधान मानू नये. विचारायचं हे की आज किती तास पंप चालले, किती तास बंधाऱ्यावरनं वाहिलं. तो आकडा रोज बाहेर लावला पाहिजे, नाल्याच्या पुलावर मोठ्या बोर्डावर लावला पाहिजे, असं माझं ठाम मत हाय.

पुराचं तर बोलायलाच नको. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी जयंतीतनं उलटं शहरात आलं, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत. राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी ४३ फूट आणि २०१९ ला ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. अशा वेळी कसला नाला आणि कसला पंप. पण खरं सांगायचं तर पुरात नदी एवढी मोठी असते की मैलापाण्यानं मासे मरायची भीती कमी, तेव्हा भीती विहिरींची आणि पिण्याच्या पाण्याची. मासे मरत्यात ते कोरड्या दिवसांत, तेव्हाच पंप एक मिनिट थांबायला नको.

शहराच्या कडेच्या गावांचं पण बघा. उचगाव, गांधीनगर, पाचगाव हिकडं वस्ती केवढी वाढली, अपार्टमेंट केवढ्या उठल्या, ड्रेनेजचं कामच न्हाई किंवा अर्धवट. ते पाणी ओढ्यातनं शेवटी नदीलाच येतंय आणि ते कुठल्याच एसटीपीच्या हिशोबात न्हाई.

रंगपंचमी_नाय_वर्षभर

सगळेजण कोल्हापूर कोल्हापूर करताय पण तेरवाड इचलकरंजीच्या खाली आहे हे विसरू नका. कापड प्रोसेसचं रंगीत पाणी कुणाचं? आणि साखर कारखान्यांचं, डिस्टिलरीचं? मळी सुटली की एका रात्रीत नदीचा रंग बदलतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. शहराच्या एसटीपीवर चर्चा करून कारखान्यांना मोकळं सोडताय तुम्ही. धरणातनं पाणी सोडलं की सगळं धुऊन जातं, राधानगरीचं पाणी वेळेवर सोडा एवढी एकच मागणी पाहिजे.

शिफ्टवाला

भाऊ, कुणालाच मोकळं सोडत नाही. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा (अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या सांडपाण्याचा) बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅम आणि वर असतो, म्हणजे शहराच्या मैलापाण्याच्या दोनशे पट. त्याचा एक टँकर मे महिन्यात तुंबलेल्या पाण्यात गेला तर काय होईल ते सांगायला नको, आणि असं अचानक एका रात्रीत मासे मरतात तेव्हा पहिला संशय तिकडंच घ्यायला पाहिजे, तुमचं बरोबर आहे. रंगाचं पण तेच, कापडाचे रंग शहरी एसटीपीतल्या जिवाणूंना फारसे खाता येत नाहीत, त्याला वेगळा प्लँट लागतो, वेगळी केमिकल लागतात. कारखान्याचं पाणी शहराच्या गटारीत गुपचूप सोडलं तर उलट एसटीपीतला गाळच मरतो आणि पंधरा-पंधरा दिवस प्लँट रुळावर येत नाही.

पण मैलापाणी रोज येतं, वर्षाचे ३६५ दिवस, दिवाळीलाही आणि संपालाही. नदीचा ऑक्सिजन आधीच दोन-अडीचवर आणून ठेवलेला असला की मग कारखान्याची थोडीशी चूक पुरते. चांगल्या नदीत तीच चूक खपून गेली असती. म्हणून मला दोन्ही प्रश्न एकच वाटतात.

धरणाच्या पाण्याशी मात्र मी सहमत नाही. घाण पुढं ढकलली म्हणजे ती संपत नाही, ती तेरवाडवरनं शिरोळला आणि तिथनं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. शिवाय एकदम जोरात पाणी सोडलं तर बंधाऱ्यामागचा सडका गाळ उचलून पुढच्या गावाला मासे मरतात. सोडायचंच तर हळू आणि सलग सोडावं, आणि ते प्रदूषणावर उपाय म्हणून धरू नये, ते पाणी शेतीचं आणि पिण्याचं आहे.

पंचगंगाकाठ

शिफ्टवाले दादा, बावडेकर, मनापासनं आभार. आता पहिल्यांदा कायतरी हाताला लागलं. बरगे काढल्यावर मासे का मरत्यात तेबी समजलं, थांबलेला काळा गाळ एकदम सुटतो म्हणून. बंधाऱ्यावर दोन-चार जण तरी ह्या धाग्याची प्रिंट वाचतील असं बघतो.

दादा, एक राहिलं, नुसता प्लँट बघून बाहेरच्या माणसाला कळतं का तो नीट चाललाय का न्हाई? आमच्यातली पाच-सहा पोरं परवानगी काढून बघायला जायचं म्हणत्यात. आणि भाजीपाल्याचं कुणी सांगितलं न्हाई अजून.

शिफ्टवाला

कळतं की. बाहेर पडणारं पाणी स्वच्छ काचेच्या ग्लासात घ्या, तळाला बोट दिसलं पाहिजे, वास मातीसारखा आला पाहिजे, सडका नको. पण ते त्या दिवसापुरतं. मला विचाराल तर तुम्ही गाळाचं विचारा. चांगला चालणारा एवढा मोठा प्लँट रोज कित्येक टन जास्तीचा गाळ तयार करतो, तो बाहेर काढून घट्ट करावा लागतो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्याचा केक करतात आणि ट्रॉलीनं नेतात. तो केक कुठं साठतो, महिन्याला किती ट्रॉल्या जातात, कुठं जातात, याचं रजिस्टर दाखवा म्हणायचं. गाळ निघत नसेल तर दोनच अर्थ, एकतर पाणी येत नाही किंवा गाळ पाण्याबरोबर नदीत जातोय. रिपोर्ट कितीही गोंडस असू दे, ट्रॉल्यांचा हिशोब लपत नाही. दुसरं, विजेचं बिल बघा महिन्या-महिन्याचं. पाणी तेवढंच आणि युनिट निम्मी झाली असली तर ब्लोअर बंद ठेवलेत.

जाताना सकाळी आठ-नऊला जा, अख्खं शहर आंघोळ-धुणं करत असतं तेव्हा सगळ्यात जास्त पाणी येतं, प्लँटची खरी परीक्षा तेव्हा असते. आणि तिथल्या ऑपरेटरशी नीट बोला ओ, तो माणूस मैल्याच्या वासात रात्रपाळी करून तुमची नदी राखतो, त्याच्यावर डाफरून काही मिळत नाही. तोच तुम्हाला खरं काय ते सांगेल.

सूक्ष्मजीव_ताई

मी कॉलेजला मायक्रोबायोलॉजी शिकवते, भाजीपाल्याचं मी सांगते.

वरची सगळी चर्चा ऑक्सिजनची झाली, ती माशांसाठी बरोबर आहे, पण माणसांच्या आजाराचा हिशोब वेगळा असतो. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू दहा लाख ते एक कोटी किंवा त्याहून जास्त असतात. हवा मारून गाळ बसवला की त्यातले ९९ टक्के गेले असं धरा. ऐकायला छान वाटतं, पण एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख राहतात. हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशात मर्यादा २३० आहे. तो उरलेला टप्पा क्लोरीननं गाठायचा असतो, अर्धा तास तरी पाणी क्लोरीनबरोबर राहिलं पाहिजे. म्हणजे दिसायला निवळ पाणी आणि रोगजंतू नसलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि ज्या प्लँटचा क्लोरीन संपलेला असतो तिथलं पाणीसुद्धा दिसायला काचेसारखंच असतं. गाळ नीट बसला नसेल तर क्लोरीनही नीट काम करत नाही, जंतू गाळाच्या कणात लपून राहतात. शिवाय शिफ्टवाले म्हणाले तो अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशीच जोडला जातो आणि त्याची ताकद बरीच कमी होते. जास्त ओतला तर तोच क्लोरीन माशांना मारतो.

काविळीचे विषाणू तर कोलिफॉर्मपेक्षा चिवट असतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं गेली त्यात, अजून ती घरं विसरलेली नाहीत. म्हणून प्लँट असो नसो, नदीचं पाणी पिण्याच्या आधी गाळून, क्लोरीन घालून किंवा उकळूनच घ्यायचं. एसटीपीतनं बाहेर पडलेलं पाणी पिण्यायोग्य होतं असा दावा कुणी करत नाही, तो त्यासाठी बांधलेलाच नाही.

आता तुमची मेथी-कोथिंबीर. कोथिंबीर आपण कच्ची खातो, मेथीसुद्धा कांद्याबरोबर कच्ची खाणारे भरपूर आहेत. उन्हाळ्यात पाणी काळं पडलेलं असताना या पाण्यावर कच्ची खायची भाजी घेऊ नका दादा, विहीर किंवा बोअर असेल तर ती या भाजीला राखून ठेवा. कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला जाणाऱ्या उसाला हे पाणी चालेल, त्याचा रस उकळूनच साखर-गूळ होतो, शिवाय त्यातलं नत्र-स्फुरद उसाला लागतंच. पण पाटानं द्या, स्प्रिंकलर नको, तुषार अंगावर आणि श्वासात जातात. पाणी पाजताना हातापायाला जखम असेल तर गमबूट घाला. म्हशींना शक्यतो बोअरचं पाजा, आणि म्हैस त्या पाण्यात डुंबली तर धार काढायच्या आधी सड स्वच्छ धुऊन कोरडे करा, नाहीतर दुधातनं ते घरात येतं.

जलपर्णी का येते ते कुणी सांगितलं नाही. ती येते याच नत्र आणि स्फुरदावर. एसबीआरमध्ये हवा बंद ठेवायचा टप्पा नीट पाळला तर बरंच नायट्रेट वायू होऊन निघून जातं, स्फुरद (फॉस्फरस) मात्र गाळात जातो, आणि गाळ बाहेर काढला तरच तो नदीपासून लांब राहतो. थोडक्यात शिफ्टवाल्यांचा ट्रॉल्यांचा मुद्दा जलपर्णीलाही लागू आहे. दरवर्षी मशीन लावून जलपर्णी काढतात ते करावंच लागतं, पण वरनं खत येत राहिलं तर ती परत येणारच. शेतातनं वाहून येणारा युरियापण त्यात आहे, तेवढं आपल्या हातात आहे.

पंचगंगाकाठ

ताई लई मोलाचं सांगितलंसा. कोथिंबिरीचं पाणी उद्यापासनं बोअरवर वळवतो, मेथी ह्या खेपेला घेतच न्हाई.

आमचं असं ठरतंय की राजाराम, रुई, इचलकरंजी आणि तेरवाड अशा चार बंधाऱ्यांवर एकाच पहाटे चार पोरांनी ऑक्सिजन मोजायचा, म्हणजे कोल्हापूरचं किती आणि त्याच्या खालचं किती ते तरी कळंल, भांडण लावायला न्हाई, कुणाकडं काय मागायचं ते कळायला. मीटर महाग हाय. दुसरी कायतरी पद्धत असंल तर सांगा.

सूक्ष्मजीव_ताई

आहे की, विंकलर पद्धत, शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे आणि अजूनही मीटर तपासायला तीच वापरतात. ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बूच असलेल्या बाटल्या लागतात, बीओडी बाटली म्हणतात. पाणी काठावरचं घेऊ नका, प्रवाहाच्या मध्यात, फूटभर खालचं घ्या, बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बूच लावा, आत एकही बुडबुडा नको, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मोजला जातो. मग तिथंच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड दोन-दोन मिलिलिटर सोडायचं, पिपेटचं टोक पाण्याच्या आत बुडवून, बूच लावून उलटसुलट हलवायचं. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही, आकडा यायच्या आधीच काठावर उभ्या उभ्या कळतं. नंतर ॲसिड घालून थायोसल्फेटनं टायट्रेशन, ते मुलांनी करू नये, ॲसिड तीव्र असतं, लॅबमध्ये आणा.

रसायनं आणि बाटल्या मी देते, आमच्या विद्यार्थ्यांनाही प्रोजेक्ट पाहिजेच असतो. चारही ठिकाणी सूर्य उगवायच्या आधी, शक्यतो साडेपाच ते सहाच्या मध्ये, पाण्याचं तापमान पण लिहा. आणि पाचवी बाटली प्रयाग चिखलीला भरा, शहराच्या वरची. तिचा आकडा नसला तर बाकीच्या चारांची तुलना कशाशी करणार.

बावडेकर

राजाराम आणि प्रयाग चिखली माझ्याकडं द्या, दोन्हीकडं माणूस लावतो. त्या रात्री जयंतीच्या बंधाऱ्यावरनं वाहत होतं का न्हाई तेबी बघून वेळेसकट लिहून देतो.